मोजणी कशाची?



ऑनलाइन जुगाराच्या वेबसाइटला महिन्याला किती भेटी होतात, यावरून तिची लोकप्रियता ठरवतात. पण ही मोजणी भेटींची, माणसांची नव्हे. हरलेले पैसे परत मिळवायला एकच जण दिवसभरात वीसदा गेला, तर वीस भेटी धरल्या जातात. ज्याला आपण व्यसन म्हणतो, तेच तिथे लोकप्रियता ठरते!

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण कायदा घराघरात डोकावत नाही. आपल्या साखऱ्यात कुणाचे हळदीचे पैसे मोबाइलवर गेले, तर त्या घरातल्या उपासमारीची नोंद कुठल्याच आकड्यात होत नाही. ती आपणच घ्यायची. कोण गप्प झाला, कोण सारखे उसने मागतो, हे शेजाऱ्यालाच कळते. नावे न ठेवता त्याच्याजवळ जाऊन बसू या.