उणे चार तारे

मार्क देणे हा जगातला सर्वांत निरुपद्रवी दिसणारा उपद्रव आहे. मी तो एकतीस वर्षे पगार घेऊन केला. रसग्रहणाला साडेतीन, निबंधाला सहा, 'पावसाने दडी मारली' या वाक्प्रचाराला अर्धा. तो अर्धा मार्क कशाचा, असे मला कोणी विचारले नाही आणि विचारले असते तरी मी आवाज चढवून वेळ निभावली असती. मास्तरकीचे ते पहिले शस्त्र. त्यामुळे माझा पुतण्या (वय त्रेचाळीस, चांगल्या कंपनीत इंजिनिअर, डोक्यावर कर्ज आणि घरात दोन मुले) रविवारी दुपारी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कुस्त्या लावून बसतो आणि वहीत त्यांना मार्क देतो, हे कळल्यावर घरातले सगळे चकित झाले, तरी मला विशेष वाटले नाही. घराण्यात आहे ते.

वही मात्र पाहण्यासारखी आहे. तारीख, गाव, कोण विरुद्ध कोण, किती मिनिटे, शेवट कसा आणि अखेरच्या रकान्यात तारे. ही ताऱ्यांची पद्धत डेव्ह मेल्टझर नावाच्या अमेरिकन पत्रकारामुळे जगभर रूढ झाली. मूळ कल्पना दुसऱ्यांची, पण हा गृहस्थ १९८०च्या दशकापासून आपल्या वार्तापत्रात कुस्त्यांना तारे वाटतो आहे. उत्तम कुस्तीला पाच. मधे पाव ताऱ्याचेही नाणे चालते. इंग्रजीत त्याला 'फोर अँड थ्री क्वार्टर्स' असे लांबलचक म्हणावे लागते, आपण नुसते 'पावणेपाच' म्हणून मोकळे होतो. कुस्तीला मार्क देण्यासाठी मराठीइतकी सोयीची भाषा नाही, पण हे अमेरिकेला कोण सांगणार? पुढे २०१७ साली टोकियोतल्या एका कुस्तीला याने पाचपैकी सहा तारे दिले आणि २०१८ साली त्याच दोन पैलवानांना सात. पाचपैकी सात, म्हणजे शंभरपैकी एकशेचाळीस! आमचे बोर्ड इतके उदार झालेले असूनही शंभरावर येऊन थांबते.

आता तुम्ही म्हणाल, आणि आमचे मेहुणे म्हणालेच, "अहो, पण ती कुस्ती खोटी असते! कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं!" हे वाक्य लोक गुपित फोडल्याच्या आविर्भावात का उच्चारतात, कळत नाही. आमच्या आधीच्या पिढीने वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगच्या फ्रीस्टाईल कुस्त्या पाहिल्या. तेव्हाही परतीच्या गाडीत निम्मे लोक हेच म्हणत आणि पुढच्या कुस्तीचे तिकीट काढत. अमेरिकेत तर मालकांनी स्वतःच कबूल करून टाकले. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या कायदेमंडळापुढे व्हिन्स मॅकमहनच्या कंपनीने रीतसर सांगितले, की साहेब, हा खेळ नव्हे, ही करमणूक आहे. इतकी वर्षे जिवापाड जपलेले गुपित का सांगितले म्हणता? खेळ म्हटला की क्रीडा आयोगाची देखरेख आली, परवाने आले, प्रक्षेपणावरचा कर आला. कर वाचवण्यासाठी खोटे बोलणारे मी आयुष्यभर पाहिले आहेत. कर वाचवण्यासाठी खरे बोललेला हा एकच माणूस माझ्या ऐकिवात आहे.

पण मला सांगा, फसवणूक म्हणायला कोणीतरी फसावे लागते की नाही? गणपतराव बोडस 'एकच प्याला'त सुधाकर होऊन झोकांड्या खात, तेव्हा 'यांच्या पेल्यात दारू नाही, पैसे परत करा' असे म्हणत कोणी खुर्चीवर उभा राहिला नसेल. उलट, कोल्हापूरच्या खासबाग मैदानात ठरवून कुस्ती झाली आणि लोकांना संशय आला, तर ते काय म्हणतील ते इथे छापता येणार नाही. कारण तिथला करार वेगळा. तिथे निकाल विकत घेतलेला असतो आणि आपल्याला सांगितलेले नसते. म्हणजे खोटेपणा कुस्तीत नाही, करारात आहे. एवढे मेहुण्यांना पटले. (मेहुण्यांना एखादी गोष्ट पटणे हीच मुळात पाच ताऱ्यांची घटना.) मग त्यांनी खरा प्रश्न टाकला, "ठीक आहे. पण निकाल ठरलेला, मार खोटा, तर मार्क कशाचे?"

हा प्रश्न मला दोन रविवार पुरला.

पुतण्याच्या वहीतले एक पान घेतो. २९ मार्च १९८७, पॉन्टिअ‍ॅक, मिशिगन, सिल्व्हरडोम. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे प्रेक्षक ९३,१७३. मेल्टझर म्हणतो ७८ हजारांच्या आसपास. म्हणजे या धंद्यात डोकीही ठरवून मोजतात. मुख्य कुस्ती हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची. आंद्रे हा फ्रान्सचा, जाहिरातीप्रमाणे उंची सात फूट चार इंच आणि वजन ५२० पौंड, म्हणजे सव्वादोन क्विंटलांच्या वर. त्याला पंधरा वर्षांत कोणी हरवले नाही, कोणी उचलून आपटले नाही, अशी दवंडी पिटलेली. वास्तविक १९८० साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्याला उचलून आपटले होते, आणि आपटणारा कोण, तर हाच होगन! पण लोकांची स्मरणशक्ती सात वर्षे टिकत नाही, हे राजकारण्यांइतकेच कुस्तीवाल्यांनाही ठाऊक असते.

तर शेवटी होगनने आंद्रेला उचलले, आपटले, त्याच्यावर मांडी घालून कोसळला आणि जिंकला. त्या उचलण्याचे चित्र अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीच्या डोळ्यांत कोरलेले आहे. आणि मेल्टझरने या कुस्तीला तारे दिले उणे चार.

उणे चार! मीही फळ्यावर डस्टर आपटणारा मास्तर, पण एखाद्याने पेपर लिहिला म्हणून मार्क कापून घ्यावेत, हे मला सुचले नसते. पुतण्याचे म्हणणे असे, की काका, तुम्ही ती कुस्ती बघा. मी बघितली. बारा मिनिटांत हालचाल अशी नाहीच. आंद्रे होगनला मिठी मारतो आणि ती मिठी सुटत नाही. पाठवणीच्या वेळी मुलीची आईसुद्धा इतकी लांबवत नाही. मार्क कापण्याजोगे होते, यात वाद नाही.

पण मग पुतण्याने सहज सांगितले, की आंद्रेच्या पाठीचे मोठे ऑपरेशन होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कपड्यांच्या आत पट्टा बांधून तो रिंगमध्ये उतरला होता. हाडे वाढतच राहण्याचा त्याला आजार होता, त्याच आजाराने त्याला राक्षस करून पोट भरायला दिले आणि त्याच आजाराने तो खचत गेला. १९९३ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. म्हणजे बघा, त्या दिवशी सिल्व्हरडोममध्ये इतर सगळे वेदनेचे सोंग करत होते आणि एकाच माणसाला खरोखर दुखत होते. आणि उणे चार तारे नेमके त्याच्या कुस्तीला!

यावर पुतण्या म्हणतो, मार्क दुखण्याला नसतात, कुस्तीला असतात. मुद्दा बिनतोड आहे. आजारपणात लिहिलेल्या पेपरावर मीही 'ताप होता' असे वाचून मार्क वाढवले नाहीत. पण मला जरा बरे नाही वाटले.

त्याच दिवशी, त्याच रिंगमध्ये, तासाभराच्या आगेमागे रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची कुस्ती झाली. तिला साडेचार तारे. सॅव्हेज हा भलताच शिस्तीचा. त्याने पहिल्या डावापासून शेवटच्या डावापर्यंत सगळे लिहून काढले होते आणि स्टीमबोटकडून पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते. 'सत्तावन्न नंबरला काय?' 'तू मला फेकतोस.' असे! पंधरा मिनिटांहून कमी वेळ, पण डोळे मिटायची सोय नाही. दोन वर्षांनी, १९८९ साली, हाच स्टीमबोट रिक फ्लेअरशी तीनदा लढला. फेब्रुवारीत शिकागोला, एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सला, मेमध्ये नॅशव्हिलला. तिन्हींना पाच-पाच तारे. इथे पाठांतर नाही. शेवट काय तो ठरलेला, बाकी सगळे एकमेकांच्या कानात कुजबुजत, प्रेक्षकांचा रंग बघत. बैठकीतल्या गवयासारखे. न्यू ऑर्लिन्सची कुस्ती तर जवळजवळ पंचावन्न मिनिटांची, आणि त्या अवाढव्य सुपरडोममध्ये माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. कारण त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचा मोठा जलसा होता. म्हणजे उणे चारला स्टेडियम फुटायची वेळ आणि पाचाला शुकशुकाट. साहित्य संमेलनात आणि काव्यवाचनात मी असेच पाहिले आहे. कोणते कुठे, ते सांगत नाही.

हा स्टीमबोट मला आवडतो. एक तर तो कुटुंबवत्सल. न्यू ऑर्लिन्सला बायको आणि लहान मुलाला बरोबर घेऊन तो वाजतगाजत आला. दुसरे म्हणजे, सबंध कारकिर्दीत त्याने खलनायकाचे काम केले नाही. आणि तिसरे, तो पडतो फार सुंदर. इथे मेहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ती रिंग म्हणजे काही कापसाची गादी नव्हे. लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या, त्यावर पातळ गादी आणि ताणून बसवलेले कापड. त्यावर पडायचे म्हणजे हनुवटी छातीला लावायची, पाठ सपाट टाकायची, हात पसरून आपटायचे, की मार एका जागी बसत नाही. हे महिनोन्‌महिने शिकावे लागते. आणि गंमत अशी, की पडणाऱ्याने स्वतः उडी घेतल्याशिवाय उचलणाऱ्याला त्याला उचलता येत नाही! होगनने आंद्रेला उचलले, असे आपण म्हणतो. सव्वादोन क्विंटलांचा माणूस मनात नसताना उचलला जाईल काय? तो उचलून घेतो. ज्याला शत्रू म्हणून जगापुढे उभे केले, त्याच्या हातात आपली मान द्यायची आणि त्याने ती जपायची. वरून शिव्या चालू. मी ज्या संस्थांमध्ये काम केले, तिथे याच्या नेमके उलट चाले. वरून हार-तुरे आणि आतून मानेवर सुरी. त्याला तारे देणारे कोणी भेटले नाही.

म्हणून तारे कुस्तीला असतात, विजेत्याला नाही. फ्लेअर-स्टीमबोटच्या पाच ताऱ्यांत अडीच एकाचे, अडीच दुसऱ्याचे अशी वाटणी नाही. हरणाऱ्यालाही पाचच. परीक्षांच्या इतिहासात नापासाला पहिल्या नंबराइतके मार्क देणारी ही एकच पद्धत.

असे म्हणून मी विजयी मुद्रेने पुतण्याची वही चाळत होतो, तर २००४च्या पानावर एक ओळ दिसली. सगळे रकाने भरलेले, ताऱ्यांचा रिकामा. १४ मार्च, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, तिघांची कुस्ती, विजेता क्रिस बेन्वा. बेन्वा त्या दिवशी पट्टा छातीशी धरून रडला होता. तीन वर्षांनी, जून २००७मध्ये, त्याने बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारले आणि मग स्वतःला. नंतर त्याचा मेंदू तपासला, तेव्हा वर्षानुवर्षे बसलेल्या तडाख्यांनी तो निकामी झालेला आढळला. कंपनीने त्याचे नाव घेणेच बंद केले.

"कुस्ती किती ताऱ्यांची?" मी विचारले.

"फार चांगली आहे," पुतण्या म्हणाला. "म्हणूनच रिकामं ठेवलंय."

माझ्याच्याने यात विनोद होत नाही. तारे कुस्तीला, माणसाला नव्हेत, हे मीच आत्ता सांगितले. त्या हिशेबाने रकाना भरायला हवा. तो माणूस दोन खून करणारा, हे खरे. पण मला डाचते ते दुसरेच. बेन्वाला वर्षानुवर्षे वाहवा मिळाली ती 'याचं सगळं खरं वाटतं' म्हणून. तो दोरावर चढून डोक्यावर उडी घेई. डोक्यात खुर्ची घालून घेई आणि ती हलक्या हाताने नव्हे. म्हणजे पडणाऱ्याने आणि पाडणाऱ्याने एकमेकांना जपायचे, हा जो या धंद्यातला सज्जनपणा, तो जितका कमी दिसेल तितके लोक खूश. मग मार्क देणाऱ्याने नेमके काय मोजले? मी पुतण्याला म्हटले, दुखल्याचे मार्क नसतात असे तू आंद्रेच्या वेळी म्हणालास. इथे तर दुखल्याचेच मार्क आहेत. तो काही बोलला नाही. पेन्सिलीला टोक करत बसला.

तेवढ्यात आमची ही कोथिंबिरीचे सूप घेऊन बाहेर आली. पडद्यावर पुन्हा १९८७ चालू होते, कारण मेहुण्यांना ते उचलणे बघायचे होते. होगन जिंकला, गर्दी उसळली, आणि आंद्रे त्या छोट्या रिंगच्या आकाराच्या गाडीत उभा राहून परत निघाला. ते मैदानच इतके मोठे, की पैलवानांना ने-आण करायला तसल्या गाड्या ठेवल्या होत्या. होगन मात्र रिंगमध्येच दंड फुगवून दाखवत होता.

"गाडीतून नेलं ते बरं केलं हो," ही म्हणाली. "एवढा देह. केवढी पाठ भरून आली असेल."

"काकू, ते मार्कांत धरत नाहीत," पुतण्या म्हणाला.

"मग काय धरता रे?" असे म्हणून ती देठे गोळा करून आत गेली.