अनेक विश्वे, एकच कर्ता

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे अशा जगात पोहोचतात, जिथे १७६१ साली पानिपतावर मराठ्यांची सरशी झाली आहे. येताना त्यांच्यासोबत तिथल्या ग्रंथाचे एक फाटलेले पान येते. त्या पानानुसार गोळी विश्वासरावांना चाटून गेली. आपल्या इतिहासात मात्र तिनेच त्यांचा जीव घेतला. या फरकाचा उलगडा करताना कथा पुंजभौतिकीकडे वळते आणि न घडलेल्या शक्यताही कुठेतरी नांदत असतील असे सुचवते. या कल्पनेला शास्त्रीय बैठक दिली ती प्रिन्स्टनच्या ह्यू एव्हरेट यांनी. मोजमापाच्या क्षणी एक शक्यता उरते आणि बाकीच्या नाहीशा होतात, हे गृहीत धरण्याची गरजच नाही, असे त्यांनी १९५७ साली मांडले. पुंजभौतिकीतले श्रोडिंगरचे समीकरण कुठेही न थांबवता लागू केले, तर निरीक्षकासकट सगळेच शाखांमध्ये विभागले जाते. कुठलीच शाखा कमी खरी नसते.

मग पाप-पुण्याचे काय? इथे मी चोरी केली नाही, पण दुसऱ्या शाखेत केलीच असेल, तर माझ्या संयमाला काय किंमत? लॅरी निव्हेन यांच्या १९६८ सालच्या ‘ऑल द मिरियड वेज’ या कथेत समांतर विश्वांचा शोध लागल्यावर आत्महत्यांची आणि निष्कारण गुन्ह्यांची लाट येते. कथा अस्वस्थ करते, पण तिच्यातल्या माणसांचा निष्कर्ष एव्हरेट यांच्या सिद्धान्तातून निघत नाही. सगळे घडते म्हणजे सगळे सारख्याच प्रमाणात घडते, असे हा सिद्धान्त म्हणत नाही. प्रत्येक शाखेला वजन असते, आणि प्रयोगात दिसणारी संभाव्यता त्याच वजनावरून काढली जाते. शिवाय मनात आलेल्या प्रत्येक विचारासरशी जग दुभंगत नाही. एखादी परिचारिका इंजेक्शन भरण्याआधी औषधाची मात्रा दुसऱ्यांदा तपासते, ते तिच्या सवयीमुळे, शिक्षणामुळे, रुग्णाबद्दलच्या काळजीमुळे. ही कारणे जवळजवळ सगळे वजन रुग्ण वाचतो त्या शाखांकडे नेतात. तिने हयगय केली असती, तर वजनाची वाटणीच बदलली असती.

यावर कुणी म्हणेल, ही वाटणीसुद्धा समीकरणानेच ठरवलेली, मग परिचारिकेच्या हातात राहिले काय? आक्षेप खरा आहे, पण तो एव्हरेट यांच्यापेक्षा फार जुना आहे. न्यूटनच्या एकाच जगातही तो होता, आणि दैव मोठे की पौरुष या वादाच्या रूपाने आपल्याकडेही होता. योगवासिष्ठाने दैव म्हणजे पूर्वी केलेला प्रयत्नच, असे ठामपणे सांगितले आहे. मला ही बाजू पटते. माणसाचा विचार कारणांच्या साखळीत बसतो म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. तो त्या साखळीतली एक कडी असतो. दुसरा आक्षेप कर्मसिद्धान्तातून येतो: फळ भोगायला तोच कर्ता लागतो, आणि इथे तर कर्तेच अनेक होतात. पण शाखा फुटते तेव्हा मागचे संपूर्ण आयुष्य दोन्ही वारसांना अखंड मिळते. कालच्या फसवणुकीचे अर्धे माप दुसऱ्याच्या पदरात टाकता येत नाही. फुटल्यानंतर मात्र दोघांचे हिशेब वेगळे होतात. तिकडच्या ‘मी’ने दाखवलेला प्रामाणिकपणा इकडच्या फसवलेल्या माणसाचे पैसे परत करत नाही.

अनेक विश्वांचा अर्थ खरा की खोटा, यावर भौतिकशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. तो खरा निघाला तरी दुःख ज्या शाखेत होते, तिथेच भोगावे लागते. खुद्द एव्हरेट विद्यापीठ सोडून पेंटॅगॉनच्या कामाला लागले. अणुयुद्धानंतर पसरणाऱ्या किरणोत्सारी धुळीने किती माणसे मरतील, याचा हिशेब त्यांनी जॉर्ज प्यू यांच्यासोबत मांडला, आणि लायनस पॉलिंग यांनी १९६३ साली शांततेच्या नोबेल व्याख्यानात त्या अभ्यासाचा दाखला दिला. युद्ध न झालेल्या शाखांसाठी त्या आकड्यांतून एकही मृत्यू वजा केलेला नव्हता.