आजचं मनन : हिरवं मैदान आणि उरलेला डोंगर

शास्त्रपाठ : उत्पत्ती १३:१-१८



आजचा अध्याय मी मुद्दाम निवडलेला नाही. उत्पत्तीचं पुस्तक आपण क्रमाने वाचतो आहोत आणि आज तेरावा अध्याय आला. पण तो आला तो नेमका अशा आठवड्यात, की शनिवारी रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. का, ते सांगतो. त्या घरची परवानगी घेतली आहे, ओळख देत नाही.

आमच्या मंडळीतला एक मुलगा. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये पाठ म्हणणारा, तरुण संघात पेटी वाजवणारा. वडील एसटीत कंडक्टर, आई शिवणकाम करते, धाकटी बहीण यंदा दहावीला. मुलगा हुशार. सीईटीच्या सराव परीक्षांत अठ्ठ्याण्णवच्या आसपास असायचा. घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की पुण्याचं सीओईपी नाही तर निदान त्याच्या तोडीचं काहीतरी मिळणार, आणि शाखा कॉम्प्युटरच. निकाल लागला. ८९ पर्सेंटाइल. गणिताच्या पेपरला वेळ पुरला नाही, एवढंच तो म्हणाला. त्यानंतर दोन रविवार तो उपासनेला आला नाही.

आता समोर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे पुण्याजवळचं खासगी विद्यापीठ. काचेच्या इमारती, शाखा हवी ती, म्हणजे कॉम्प्युटरच. फी वर्षाला साडेतीन लाख, चार वर्षांचे चौदा लाख, वसतिगृह आणि जेवण वेगळं. दुसरा रस्ता कॅप राउंडचा. त्यात गेल्या वर्षीचे कटऑफ पाहता लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात जागा मिळू शकते, पण मेकॅनिकलला. लोणेरे म्हणजे रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत असं तिथे शिकून आलेले सांगतात. फी मात्र त्या चौदा लाखांच्या जवळपासही नाही.

वडिलांनी ठरवलंय की आजोबांची दीड एकर गहाण टाकायची. खासगी विद्यापीठातून रोज फोन येतो, "सोमवारपर्यंत पन्नास हजार भरा, नाहीतर सीट जाईल." आणि पसंतीक्रम भरायची मुदतही सोमवारीच संपते. शुक्रवारी आईचा मला फोन आला. म्हणाली, "दादा, तुम्हीच सांगा देवाची इच्छा काय ते. तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली होती ना?"

हो, केली होती. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी वचनाकडे वळू.

काका आणि पुतण्या

काका-पुतण्याचं भांडण आपल्या महाराष्ट्राला काही नवं नाही. अब्राम आणि लोट मिसर देशातून परत आले ते गुरंढोरं घेऊन. दोघांचेही कळप मोठे झालेले. चारा-पाणी पुरेना, गुराखी भांडू लागले. अब्राम वडीलधारा. देवाचं पाचारण त्याला आलेलं, वचन त्याला मिळालेलं. पहिला हक्क त्याचाच होता. पण तो पुतण्याला म्हणतो की आपण भाऊबंद आहोत, आपल्यात तंटा नको. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन, तू उजवीकडे गेलास तर मी डावीकडे.

लोटाने पाहिलं. यार्देनेचं खोरं हिरवंगार, भरपूर पाण्याचं. आता इथे एक बारीक गोष्ट आहे, आपण वाचताना ती सुटते. दहाव्या वचनात ते खोरं कसं दिसलं हे सांगताना दोन उपमा आहेत. एक परमेश्वराच्या बागेची, आणि दुसरी मिसर देशाची. लोट नुकताच मिसरातून आलेला. तिथला नाईलकाठ डोळ्यांत भरलेला. त्याने समोरची जमीन मापली ती मिसराच्या मापाने! जे हातचं गेलं त्याच्यासारखं काय दिसतंय, ते त्याने शोधलं.

आपलंही असंच होतं. सीओईपी गेलं. मग त्याच्यासारखं निदान दिसणारं तरी काय आहे? पुणे, कॉम्प्युटर, मोठं प्रवेशद्वार. हुकलेल्या स्वप्नाच्या मापाने आपण पुढचा रस्ता मापतो, आणि त्या मापात जे बसत नाही ते आपल्याला ओसाड दिसतं.

बंधुभगिनींनो, हिरवं मैदान पाप नव्हे. शास्त्र कुठेही असं म्हणत नाही की कोरडा डोंगर निवडणारा जास्त आत्मिक. चांगल्या चाऱ्याची जमीन शोधणं हे मेंढपाळाचं कामच आहे. लोट चुकला तो वेगळ्या ठिकाणी. या अध्यायात अब्राम मिसरातून परतल्यावर आधी कुठे जातो? बेथेल आणि आय यांच्यामध्ये त्याने पूर्वी वेदी बांधली होती, तिथे. तिथे तो परमेश्वराचं नाव घेतो. लोटाची वेदी या अध्यायात कुठेच नाही. त्याने पाहिलं, निवडलं आणि निघाला. तंबू नेत नेत सदोमापर्यंत पोचला. शेजार कुणाचा आहे, हे विचारायचं राहून गेलं.

अब्रामाला सोडता कसं आलं?

मला या अध्यायात सगळ्यात जास्त विचार करायला लावतो तो हा प्रश्न. चांगली जमीन समोर दिसत असताना अब्राम इतक्या सहज "तू आधी घे" कसा म्हणाला?

तो काही जन्मतः उदार नव्हता. आधीचाच अध्याय पाहा. दुष्काळ पडला म्हणून तो मिसरात गेला, आणि जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणाला. त्या गोंधळातून देवानेच त्याला बाहेर काढलं. म्हणजे स्वतःच्या हुशारीने आपली सोय लावायला गेलं की काय होतं, ते तो नुकताच शिकून आला होता. आता त्याला कळलं होतं की आपल्याला मिळालेलं वचन कुठल्या एका शिवाराला बांधलेलं नाही. पुतण्याने उत्तम भाग घेतला तरी वचन कमी होत नाही.

पर्सेंटाइल म्हणजे काय, हे पालकांनी जरा समजून घ्यावं. ८९ पर्सेंटाइल म्हणजे ८९ टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी ८९ टक्के मुलं तुमच्या बरोबरीने किंवा तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ते माप तुम्हाला काय येतं याचं नाही, इतरांच्या रांगेत तुम्ही कुठे उभे आहात याचं आहे. रांग लावण्यासाठी ते ठीक आहे, जागा मोजक्या आहेत म्हणून रांग लावावीच लागते. पण देवाचं वचन पर्सेंटाइलने वाटलं जात नाही. पुढचे कितीजण आले, हे पाहून तो तुमचा वाटा ठरवत नाही.

चौदावं वचन पाहा. लोट निघून गेला, आणि मग देव अब्रामाशी बोलला. चारही दिशांना पाहायला सांगितलं, देशाच्या लांबी-रुंदीतून फिरून ये म्हणाला. चांगला भाग दुसऱ्याने नेल्यावर, उरलेल्या डोंगरावर उभं असताना हे शब्द आले. आणि गंमत अशी, की एवढं मोठं वचन मिळालं तरी सातबारा काही त्याच्या नावावर झाला नाही. पुढे तेविसाव्या अध्यायात सारेला पुरायला त्याला मकपेलाची गुहा एफ्रोन हित्तीकडून ४०० शेकेल चांदी मोजून विकत घ्यावी लागली. वचन मिळणं वेगळं आणि लगेच ताबा मिळणं वेगळं. मधली वर्षं तंबूतच काढायची असतात.

आपल्या मंडळीला जवळचं उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाई. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टरकी शिकायच्या इराद्याने. ऐकू कमी येत होतं, त्यामुळे ते शिक्षण त्यांना घेता आलं नाही. मोठा निश्चय करून, समुद्र ओलांडून गेलेली ती बाई, आणि ज्यासाठी गेली तेच दार बंद! त्या चेल्टनहॅमला राहिल्या, शिकल्या, संस्कृत शिकवलं. पुढे अमेरिकेत बालशिक्षणाची पद्धत समजून घेतली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन. बंद दारापाशी उभ्या असताना त्यांना केडगाव दिसत होतं का? मुळीच नाही. समोर होतं ते काम त्यांनी मन लावून केलं, एवढंच.

माझी कबुली

आता त्या प्रार्थनेबद्दल. परीक्षेच्या आधी घरगुती प्रार्थनासभेत मी त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणालो होतो की प्रभू याला अठ्ठ्याण्णवच्या वर देणार आहे. सगळे "आमेन" म्हणाले. मलाही बरं वाटलं.

देव असं काहीच म्हणाला नव्हता. ते मी त्याच्या तोंडी घातलं. मुलगा दोन रविवार आला नाही, तो देवाला लाजून नव्हे. आपल्याला लाजून. "काय रे, किती पडले?" असं उपासना संपल्यावर पायरीवरच विचारणाऱ्या आपल्याला. त्याच्या मनात आता दोन ओझी आहेत. परीक्षेत कमी पडल्याचं, आणि विश्वासात कमी पडल्याचं. दुसरं ओझं मी दिलेलं आहे. शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो आणि आधी त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही, आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आला.

मग आम्ही दोघांनी हा अध्याय वाचला. वाचून झाल्यावर त्याने मला जो प्रश्न विचारला तो मी विसरणार नाही. म्हणाला, "काका, म्हणजे लोणेरे घेतलं तर मी अब्राम, आणि खासगी घेतलं तर लोट, असंच ना?"

मी म्हणालो, "नाही रे बाळा. माणूस लोट होतो तो कॉलेजमुळे नाही." आणि मग त्याला दोनच गोष्टी विचारायला सांगितल्या, स्वतःला, एकट्याने.

पहिली. हे मी शिकण्यासाठी घेतोय, की लोकांना सांगायला उत्तर हवं म्हणून? तुला कोडिंग खरोखर आवडत असेल तर मेकॅनिकलची चार वर्षं जड जातील, हे खोटं नाही. त्याचा विचार कर, त्यात काही कमीपणा नाही. पण कुणीही विचारणारं नसतं, तर तू काय निवडलं असतंस?

दुसरी. मी हिरवा भाग घेतला तर उरलेलं कुणाच्या वाट्याला? अब्रामाने भाऊबंदकी जमिनीपेक्षा मोठी मानली. दीड एकर गहाण पडली तर हप्ते बाबांच्या पगारातून जाणार, आणि तीन वर्षांनी बहिणीच्या शिक्षणाची वेळ येईल. ती दहावीची पोर तुझ्यासमोर आनंदाने "माझं काय, मी बघेन" म्हणेल. म्हणूनच तिचा विचार तुलाच करायला हवा.

हे बोलणं चाललेलं असताना वडील दारात उभे होते. ते इतकंच म्हणाले, "जमिनीचं मी बघतो, तू त्याचं टेन्शन घेऊ नको." बापाचं हे प्रेम. पण मुलाने पहिल्यांदाच मान वर करून विचारलं, "बाबा, हप्ता किती बसेल?" तोवर त्या घरात हा आकडा कुणी उच्चारलाच नव्हता. कागद-पेन आलं आणि चौघे हिशेबाला बसले. मी निघालो.

काय ठरलं ते मला ठाऊक नाही. सोमवारी तो स्वतःच पसंतीक्रम भरणार आहे. वर काय लिहायचं, खाली काय लिहायचं, की फॉर्मच सोडून द्यायचा, हे त्याच्या हातात आहे. देवाची इच्छा काय, हे आईला मी सांगू शकलो नाही, आणि यापुढे कुणाच्याच मुलाबद्दल तसं छातीठोक सांगणार नाही.

एक मात्र सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो. चौदाव्या अध्यायात लोट शत्रूच्या हाती सापडला, तेव्हा अब्राम ३१८ माणसं घेऊन त्याच्यामागे धावला आणि त्याला सोडवून आणलं. "तूच निवडलं होतंस ना, आता भोग" असं म्हणाला नाही. काका जर असा, तर आपला स्वर्गीय पिता कसा असेल? निवड चुकली तरी तो आपल्याला टाकत नाही. म्हणून घाबरून निवडू नका.

आज करण्यासाठी : ज्या घरात यंदा निकालाने निराशा आली आहे, तिथे जा किंवा फोन करा. गुण विचारू नका. "जेवलास का?" एवढं विचारा.

प्रार्थना : हे प्रभू, जे हुकलं त्याच्या मापाने आम्ही पुढचं मापतो, आम्हाला क्षमा कर. तुझ्या नावाने तू न दिलेली वचनं आम्ही मुलांना देतो, त्याचीही क्षमा कर. आज जी मुलं दोन रस्त्यांच्या फाट्यावर उभी आहेत, त्यांना आधी तुझ्या वेदीपाशी घेऊन ये. त्यांच्या आईबापांना खरं बोलायचं धैर्य दे. आणि ती ज्या गावी जातील, तिथे त्यांच्या आधी तू पोच. येशूच्या नावात मागतो, आमेन.

उद्याचा पाठ : उत्पत्ती १४.