शफरीचं मागणं

आम्ही भोई, इंद्रायणीत जाळं टाकणारे. माझ्या जन्माआधीच अण्णांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मासे मारणं सोडलं. जाळं मात्र विकलं नाही. गुंडाळून माळ्यावर ठेवलं. दुसऱ्याच्या हाताने तेच करायचं तर सोडलं कशाला, म्हणायचे.

ते मला देहूच्या घाटावर नेत. पायरीवर पाऊल वाजलं की डोहातून खडशी वर येत. हातभर लांब, अंगावर रुपयाएवढे खवले. इंग्रजीत याला महसीर म्हणतात. कर्नल साइक्सने 1839 साली या माशाचं शास्त्रीय वर्णन छापलं तेव्हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेकाठी ऐकलेलं नावच त्याला दिलं, खुद्री. हा रोहू-कटल्याचा भाऊबंद. या कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात. हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना चांगलं ऐकू येतं. मासे टाळ ऐकून येतात असं अण्णा सांगत, आणि ते मला अजूनही खोटं वाटत नाही.

घाटावर कुणी त्यांना मारत नाही. ते देवाचे मासे. मी एकदा विचारलं, "अण्णा, हाच मासा दोन कोस खाली जाळ्यात सापडला तर?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिथंबी देवाचाच. पण तिथं त्याला सांगणारं कोण नाही."

त्या उत्तराने माझं समाधान झालं नाही. पुढे भागवताचा आठवा स्कंध वाचला. सत्यव्रत राजा कृतमाला नदीत तर्पण करत असताना त्याच्या ओंजळीत एक शफरी येते. शफरी म्हणजे बोटाएवढी मासोळी, खडशीच्याच कुळातली. राजा तिला परत पाण्यात सोडतो, तशी ती काकुळतीला येते: मला खाणारे इथेच आहेत, इथे कसा सोडतोस? तो तिला कमंडलूत ठेवतो. रात्रीत ती कमंडलूत मावेना. मग रांजण, मग सरोवर, शेवटी समुद्र. अवतार वगैरे पुढचं. माझं मन अडकलं ते तिच्या मागण्यात. साऱ्या गोष्टीत ती एकदाही खायला मागत नाही. कमंडलूपासून सरोवरापर्यंत एकच सांगते, एवढी जागा मला पुरत नाही.

आणि आम्ही काय देतो? लाह्या, चणे, कणकेच्या गोळ्या. तेवढ्यात आपल्याला दया केल्यासारखं वाटतं. खडशीला वाहतं, हवा खेळलेलं पाणी लागतं आणि पावसाळ्यात अंडी घालायला गोटे-वाळूचा तळ लागतो. उन्हाळ्यात डोह आटतो, पाणी काळं पडतं, वरून नाल्याचा फेस येतो, आणि त्याच पाण्यात आम्ही लाह्या टाकतो. न मारणं म्हणजे अहिंसा, एवढंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ते अपुरं आहे. ज्याला अभय दिलं त्याला जगायला पाणी दिलं नाही, तर ते अभय आपल्यापुरतंच असतं. अण्णांनी जाळं सोडलं ते खरं. पण त्यांच्या काळी नदी नदी होती, म्हणून तेवढ्याने भागलं.

अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. जाळं अजून माळ्यावर आहे. गेल्या उन्हाळ्यापासून मी घाटावर लाह्या विकत घेत नाही. वरच्या अंगाच्या नाल्याबद्दल दोन अर्ज दिले, उत्तर आलं नाही. तिसरा लिहून ठेवला आहे, सोमवारी देणार आहे.