स्वभाव आणि औषध

हिंगणीचे आमचे एक वृद्ध स्नेही जन्मभर शीघ्रकोपी म्हणून प्रसिद्ध. रक्तदाबावरची गोळी सुरू झाली आणि ते गप्प झाले. घरच्यांनीं, आणि आम्हींहि, म्हटलें, उतारवयांत शांति लाभली. पुढें ते पानावरून अर्धपोटींच उठूं लागले, तेव्हां ही शांति नसून खिन्नता आहे हें सुनेच्या ध्यानीं आलें.

अशी शंका नवी नाहीं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश नियतकालिकांत मांडला. १९५२ सालीं तिच्या मुळांतून रेसर्पीन वेगळें काढण्यांत आलें. त्यानें दाब उतरे, मनहि निवे; पण कित्येक रोगी विषण्ण होतात अशा तक्रारी त्याच दशकांत आल्या. मेंदूंतील सेरोटोनिनासारखीं द्रव्यें तें रितीं करतें. तरी विषादाचें कारण तेंच काय, याविषयीं संशोधकांत एकमत नाहीं. आज तें क्वचितच देतात. आमच्या स्नेह्यांची गोळी निराळी होती.

आम्हांस टोंचतो तो प्रश्न वेगळाच. शांति जर गोळीची, तर पूर्वींचा संताप तरी सर्वस्वीं त्यांचा होता काय? रागासाठीं माणसास दोष द्यावयाचा आणि विषादाचें खापर औषधावर फोडावयाचें, हा न्याय सोयीचा खरा! त्याहून लाजिरवाणें हें कीं, घर निवांत झालें म्हणून त्यांस कसें वाटतें हें कोणी विचारलेंच नाहीं.

गोळी आपण होऊन न थांबवितां सुनेनें त्यांस डॉक्टरांकडे नेलें. औषध बदलून मिळालें. परवां आमटी अळणी म्हणून त्यांनीं आवाज चढविला. सून हंसली, मीठ मात्र वाढलें नाहीं.