मीटर खरे सांगते, आपण?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥


आज एक प्रश्न मांडते. आपण एक अक्षरही खोटे बोललो नाही, तरी समोरचा फसला. मग आपण सत्य पाळले का?

उदाहरण जरा श्रीमंती आहे. इटलीच्या फेरारी कंपनीची एफ-३५५ ही गाडी १९९४ ते १९९९ या काळात निघाली. समजा, एकाकडची गाडी इतक्या वर्षांत जेमतेम आठ हजार किलोमीटर चालली आहे. विकताना तो म्हणतो, "मीटर बघा, किती कमी चालली आहे!" गोष्ट खरी आहे. घेणारा खुशीने जास्त पैसे मोजतो.

पण उभी गाडी म्हणजे ताजी गाडी नव्हे. कुकरची रिंग कपाटात ठेवली तरी कडक होतेच ना? तसेच टायरचे. आणि इंजिनातला टायमिंग बेल्ट, गाडी चालो न चालो, ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. या गाडीत त्यासाठी अख्खे इंजिन खाली उतरवतात, म्हणजे खर्च मोठा. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, इंजिन कामातून जाते. बेल्ट कित्येक वर्षांत बदललेला नाही, हे मालकाला ठाऊक आहे. तो फक्त गप्प बसतो.

कायदा काय म्हणतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम १७ मध्ये, घोड्याचे उदाहरण आहे. (फेरारीचे चिन्हही घोडाच, बरं का!) लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याचा दोष माहीत आहे, पण तो काही बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. मात्र घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे हे त्याचे कर्तव्य. आणि घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा चांगला समजतो," तर गप्प राहणे हे बोलण्यासारखेच.

म्हणजे कायद्याने रेघ मुलीपाशी ओढली. साधकाने ती पुढे न्यायची. समोरचा प्रत्येक जण आपलीच लेक समजून व्यवहार करायचा.

कोणी म्हणेल, "घेणारा पैसेवाला आहे, मेकॅनिक आणून बघेल की!" बघू दे. पण त्याच्या सावधपणामुळे आपले कर्तव्य संपत नाही. धर्मराजाने 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्याने आणि 'हत्ती' हळू सांगितले. शब्द खरे होते, तरी जमिनीला न टेकणारा त्याचा रथ खाली आला.

मग सगळेच सांगायचे का? नाही. गाडी का विकतो, घरात काय अडचण आहे, हे आपले आपल्यापाशी. पण ज्या वस्तूत उद्या तो बसणार, तिचा दोष जाणून घेण्याचा हक्क त्याचा. बेल्टचा खर्च किमतीतून वजा करावा आणि उरलेली किंमत ताठ मानेने मागावी. सत्य म्हणजे दानधर्म नव्हे.

आपल्याकडे फेरारी कोणाची असणार! पण जुनी स्कूटर असते, फ्रिज असतो, भाड्याचे घर असते, मुला-मुलींचे बायोडाटा असतात. तिथे आपण काय मोठ्याने सांगतो आणि काय हळू, हे ताई-दादांनो, आज जेवताना घरात एकदा बोलून बघा.

जय गुरुदेव 🙏