गाठ कोणी मारली?

पॉलिस्टायरीन आणि पॉलिआयसोप्रीन ही दोन बहुवारिके एकमेकांत मिसळत नाहीत. परंतु १९५६ मध्ये मायकेल श्वार्त्स यांनी दाखविलेल्या रीतीने त्यांच्या साखळ्या टोकाला टोक लावून जोडल्या, की त्यांना एकरूपही होता येत नाही आणि दूरही जाता येत नाही. मग साखळ्यांच्या लांबीच्या प्रमाणानुसार मिलिमीटरच्या काही लक्षांश मापाचे गोल, दंड किंवा थर आपोआप नियमाने मांडले जातात.

माणसांनाही असेच बांधावे, सुव्यवस्था आपसूक येईल, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ती गाठ साखळ्यांनी मारलेली नसते, रसायनज्ञाने मारलेली असते. आणि साखळ्यांना वेदना नसते. मनुष्यसमाजात रचना किती सुबक, हे पाहण्यापूर्वी गाठ कोणी व कोणाच्या संमतीने मारली, हे विचारले पाहिजे. संमतीवाचून आलेली शिस्त पदार्थाला शोभते, माणसाला नव्हे.